शिकारीची पँट सुप्याच्या माळावर चालेल का?

पौडफाट्यावरचा_खंड्या

नमस्कार मंडळी,

प्रश्न पँटीचा आहे, हसू नका.

माझे मेव्हणे अमेरिकेत, विस्कॉन्सिनला असतात. ऑफिसातल्या लोकांबरोबर दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातात. (ताई त्या आठवड्यात त्यांच्याशी बोलत नाही, तो वेगळा विषय.) डिसेंबरात पुण्याला येताहेत आणि "तुम्ही पक्षीवाले रानातच लोळता ना, एखादी हंटिंग पँट आणू का तुला?" म्हणून दोन फोटो पाठवलेत. पहिली आतबाहेर मऊ लवेची, त्यावर पानाफांद्यांची छपाई. चालताना कापडाचा अजिबात आवाज होत नाही म्हणे. दुसरी साध्या खाकी रंगाची, पण पुढून मांडीपासून खालपर्यंत जाड कापडाचा दुसरा थर शिवलेला. सशांच्या नि पाखरांच्या मागे काटेरी झुडपांत घुसणारे ती घालतात.

माझं फिरणं असं: ऑक्टोबर ते जानेवारी सुपे, मोरगाव, सासवडकडचे माळ, धाविक आणि चंडोल बघायला. थंडीत पहाटे भिगवण, कुंभारगावच्या होडीत. रविवारी वेळ कमी असेल तर सिंहगडाच्या पायथ्याची दरी. पावसाळ्यात ताम्हिणी. आणि येत्या फेब्रुवारीत उत्तराखंडात चोपता-तुंगनाथ ठरतंय, मोनाल या हिमालयातल्या पक्ष्यासाठी. फोटो काढायचे म्हणजे बसणं, गुडघे टेकणं, कधी पालथं पडणं आलंच.

सध्या जीन्स घालतो. भिजली की दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळत नाही, आणि उकिडवं बसलं की पोट आणि पट्टा यांची मारामारी. वर्षभर चालेल अशी एक पँट असते का? आणि या दोनांपैकी कुठली मागवू?

---

धाग्याचा_माणूस

लवेची मागवू नका. फुकट मिळाली तरी नको.

मी उभा जन्म कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये काढला, आता धायरीला निवांत आहे आणि तुमच्यासारखाच माळावर भटकतो. त्यामुळे थोडं लांबण लावतो, सहन करा.

ती पँट वाईट नाही, पण तिचं गिऱ्हाईक तुम्ही नव्हे. तुमचे मेव्हणे जिथे जातात तिथे नोव्हेंबरअखेर पहाटेचा पारा शून्याखाली असतो. हरणाचा शिकारी झाडाला बांधलेल्या मचाणासारख्या बैठकीवर तासन्‌तास हलत नाही. बसून राहणाऱ्याला ऊब लागते. आणि हरणाचे कान तिखट, म्हणून कापड सळसळता कामा नये. गुळगुळीत नायलॉन मांडीला मांडी घासली की आवाज करतं, म्हणून त्यावर लव उठवतात. पानाफांद्यांच्या छपाईचं म्हणाल तर विस्कॉन्सिनच्या कायद्यानेच बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वरचे निम्मे तरी कपडे भडक नारिंगी किंवा गुलाबी लागतात, दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये म्हणून. हरणाला नारिंगी आणि हिरव्यात आपल्यासारखा फरक दिसत नाही, त्यामुळे शिकार काही बिघडत नाही. म्हणजे वर नारिंगी कोट आणि खाली पानांची पँट. छपाईला किती महत्त्व द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

आता हीच लव सुप्याच्या माळावर न्या. ऑक्टोबर उलटला की कुसळी गवत पिकतं. कुसळ नुसतं चिकटत नाही, ते शिरतं. एक टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि मागे लांब शेपूट. पहाटेच्या दवात शेपटीचा पीळ उलगडतो, ऊन चढलं की पुन्हा पीळ बसतो, आणि त्या फिरण्याने टोक पुढे पुढे सरकतं. केस उलटे असल्यामुळे मागे येत नाही. गवताने ही सोय बी मातीत रुजवायला केलीय. मध्ये तुमची मांडी आली त्याला गवत काय करणार? लवदार कापड म्हणजे त्याला आयतं आमंत्रण. गाडीत बसेपर्यंत पँटीला दाढी आलेली असते आणि उपटताना निम्मी टोकं आत मोडतात. मग ती पँट धुवा, वाळवा, पुन्हा घाला, टोचतेच.

माळावर हवं घट्ट विणीचं गुळगुळीत कापड. दुकानात बघायची रीत सांगतो. कापड दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरा. धाग्यांमधून टिपके टिपके उजेड दिसला तर कुसळालाही वाट दिसते. मग नख आडवं ओढा. खरखर लागली आणि धागा वर उचलला गेला, तर ते बोरीबाभळीत एक हंगामही टिकणार नाही. वजन विचारा, दुकानदाराला माहीत नसेल तर लेबलवर असतं. दर चौरस मीटरला दीडशे ग्रॅमच्या आसपासचं कापड उन्हाळ्याला छान, पण काट्याला पातळ. दोनशेच्या आगेमागे असेल तर आपल्याकडे बारा महिने चालतं.

दुसरी, पुढून जाड थराची, ती मात्र कामाची चीज आहे. करवंदीच्या जाळीतून गेलात तरी मांडी शाबूत. पण वजनदार असते आणि दुहेरी कापडात वारा खेळत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात नको होईल. मेव्हणे आणतच असतील तर ही आणू देत, डिसेंबर-जानेवारीत वापरा. पैसे देऊन मागवण्याइतकी गरज तुम्हाला नाही.

पावसाचं वेगळं. पुणे शहरात अख्ख्या पावसाळ्यात साधारण सहाशे मिलिमीटर पडतो, आणि ताम्हिणीत २५ जुलै २०२४ ला चोवीस तासांतच साडेपाचशेच्या वर नोंद झाली होती. तिथे "वॉटरप्रूफ आणि श्वास घेणारी" महागडी पँट विकत घेणाऱ्यांची मला दया येते. तिच्या कापडातल्या पातळ पडद्यातून घामाची वाफ बाहेर जायची तर आतली हवा जास्त दमट आणि बाहेरची कमी दमट लागते. जुलैत ताम्हिणीत बाहेरचीच हवा पाण्याने भरलेली. वाफ जाणार कुठे? चढावर तुम्ही आतून भिजता. त्यापेक्षा भिजायचं ठरवूनच जा, आणि झटकल्यावर वाळेल असा धागा घाला. सुती धागा सर्वसाधारण हवेतच आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून बसलेला असतो, नायलॉन चार, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. तुमची जीन्स दुसऱ्या दिवशीपर्यंत का वाळत नाही ते यातच आलं. शिवाय ती जाड. पॉलिएस्टर लवकर वाळतं, नायलॉन घासायला चिवट. काट्यात जायचं असेल तर मी नायलॉन घेतो.

चोपत्यासाठी वेगळी जाड पँट घेऊ नका. हीच, आतून थर्मल, बर्फात बसणार असाल तर वरून साधी रेनपँट. तिथे हवा कोरडी, गार. तिथे रेनपँट खरंच काम देते. मात्र पँट घेतानाच थर्मल आत जाईल एवढी मांडीला सैल घ्या.

---

रानगवा९

काकांनी सगळं सांगितलंच आहे. माझे दोनच शब्द. लष्करी छपाईची पँट कोणी स्वस्तात देतंय म्हणून घेऊ नका. लष्कराने २०२२ मध्ये नवा गणवेश आणला, त्याची छपाई त्यांनी स्वतःच्या नावावर नोंदवून घेतलीय. खडकवासला, लोहगाव, देहूरोड, पुण्यात कुठे ना कुठे संरक्षण खात्याची हद्द लागतेच. गळ्यात दुर्बीण, हातात भली मोठी लेन्स आणि अंगावर लष्करी कपडे अशा अवतारात तिथे उभे राहिलात तर पुढचा तास खुलासे देण्यात जाईल.

आणि "हंटिंग पँट" शब्द वनरक्षकापुढे काढू नका, हे अर्थातच गमतीने. १९७२ च्या कायद्यानंतर आणि विशेषतः १९९१ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे हौसेची शिकार संपली. चिंकाऱ्याच्या माळावर तो विनोद कोणाला आवडत नाही.

---

शेवंता_कर्वेनगर

काका, नायलॉनचं पटलं, पण आवाजाचं काय? सिंहगडाच्या दरीत ओढ्याकाठी पाण्यावर येणाऱ्या पक्ष्यांची वाट बघत बसलेलो असतो आणि शेजारचा गुडघा बदलतो, तर त्या सळसळीने सगळे उडतात. मला वाटतं अगदी चकचकीत नायलॉनही नको. थोडं धुऊन नरम पडलेलं, मॅट कापड बघावं.

खंड्या, गुडघ्याला चेन असलेली, अर्धी चड्डी होणारी पँट घेऊ नका. दुकानात फार हुशार वाटते. गुडघा टेकून फोटो घ्यायला बसलात की ती चेन बरोबर वाटीखाली येते. आणि रानात चड्डी करून फिरणार कोण? माळावर शेळ्यामेंढ्या चरतात, गवतात गोचीड असतात. आंबोली-कोयनेकडे गेलात तर जळवा. पायमोज्यात पँट खोचायची आणि वरून गेटर (बुटापासून पोटरीपर्यंत गुंडाळायचं जाड आवरण), याला पर्याय नाही. आपल्या माळांवर घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत, त्यामुळे घोट्यावर येणारा बूट आणि गेटर हवेतच. पँट कितीही चांगली असली तरी ती दात अडवेल या भरवशावर राहू नका.

रंग: मातकट, शेवाळी, राखी, काहीही चालेल. काळा नको, भिगवणला नऊनंतर होडीत भाजून निघाल. मात्र एक गोष्ट कोणी सांगत नाही. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून बऱ्याच साबण पावडरींत चकाकी आणणारं रसायन असतं, ते अतिनील प्रकाश शोषून निळसर उजळतं. हरणांना निळा रंग चांगला दिसतो आणि पुष्कळ पक्ष्यांना अतिनील दिसतं. त्यामुळे रानातले कपडे मी साध्या वडीच्या साबणाने धुते. फरक किती पडतो ते पक्षी सांगत नाहीत, पण खर्च तर काही नाही.

बायकांसाठी म्हणून मिळणाऱ्या पँटींबद्दल बोलायला लागले तर वेगळा धागा काढावा लागेल. खिसे! मोबाईल ठेवला की निम्मा बाहेर, बसलं की ओढ्यात. मी सरळ पुरुषांची घेते आणि कंबर कमी करून घेते.

---

पौडफाट्यावरचा_खंड्या

सगळ्यांचे मनापासून आभार. लवेची बाद. मेव्हण्यांना तसं कळवलं, तर म्हणाले, "मग तुमचं रान विचित्र आहे."

काका, एक शंका. तयार पँट माझ्या मापात मिळतच नाही. कंबरेला बसते ती मांडीला आवळते, मांडीला बसते ती कंबरेत पोतं. शिवून घेतली तर? घराजवळ एक म्हातारे मास्तर आहेत, माझ्या लग्नाचा सूट त्यांनीच शिवला. आणि नायलॉन मीटरवर मिळतं का?

---

धाग्याचा_माणूस

शेवंताताई, आवाजाचं तुमचं बरोबर. फार चकचकीत, कडक फिनिशचं कापड टाळावं, आणि नवीन पँट रानात नेण्याआधी चार वेळा धुवावी.

खंड्या, शिवूनच घ्या. मीटरवर तसलं नायलॉन मिळणं कटकटीचं आहे, पण टेरीकॉट लक्ष्मी रोडवर हवं तेवढं मिळेल. त्यात पॉलिएस्टर दोन भाग आणि सुती एक भाग, असं साधारण प्रमाण असतं. पोलीस, एसटी, शाळा, सगळ्यांचे गणवेश त्याच्यावर निघाले. नायलॉनइतकं लवकर वाळत नाही, पण जीन्सच्या कितीतरी आधी वाळतं. आवाज नाही, घट्ट ट्विल (तिरक्या विणीचं कापड) घेतलंत तर कुसळ बाहेरच राहतं. गणवेशाचं खाकी किंवा शेवाळी ट्विल मागा, सूटिंग मागू नका. सूटिंग दिसायला छान, काट्याला कच्चं.

मास्तरांना नेहमीची पँट शिवायला सांगू नका, नाहीतर ते तुम्हाला लग्नाला नेतील. माप उभं राहून द्या आणि मग तिथेच उकिडवे बसून परत घ्यायला लावा. बसल्यावर मागची कंबर किती खाली सरकते ते त्यांना दिसू दे; तेवढी मागची बाजू वर चढती कापायची. तुमच्या पोट-पट्ट्याच्या मारामारीचं मूळ तिथेच आहे. कंबरेला दोन्ही बाजूंना बोटभर इलॅस्टिक, पुढे सपाट. दोन पायांचा जोड जिथे एकत्र येतो तिथे चार शिवणी एका टिंबावर आणू नका, त्या आधी उसवतात. तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा घालायला सांगा. मास्तर जुने असतील तर कुरकुरतील, पण करतील. पायजम्यात त्यांनी हे केलेलं असतं. गुडघ्यावर आतून दुसरा थर, आणि वरची कड शिवून खालची उघडी ठेवा, म्हणजे माती साठत नाही. मांडीवरचा खिसा बाजूला नको, जरा पुढे घ्या. बाजूच्या खिशात जड वस्तू ठेवली की चालताना पायावर आपटते. खिशाच्या कोपऱ्यांना दुहेरी टाके. बॉटम गेटरमध्ये मावेल इतकाच, फार रुंद नको, त्यात नाडी.

कापड थोडं जास्त घ्या आणि शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून द्या. त्यातला सुती भाग आटतो, आणि तो आटायचा असेल तर मास्तरांच्या कात्रीच्या आधी आटू दे. उरलेलं कापड मागून घ्या, ठिगळाला लागतं.

---

शेवंता_कर्वेनगर

काका, त्या मास्तरांचं दुकान पौड फाट्यावर नेमकं कुठे ते खंड्याकडून काढून घ्या. आमच्यासारख्यांना खिसेवाली पँट शिवून देणारा माणूस हवाच आहे.

---

पौडफाट्यावरचा_खंड्या

शेवंता, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. मास्तर गुरुवारी बंद असतात आणि दुपारी एक ते चार झोपतात, त्या वेळात शटर वाजवू नका. मेव्हण्यांना पँटीऐवजी चांगले गेटर आणायला सांगितलेत, दोन जोड.