पाळी जायच्या वयात शतावरी कल्प आणि अशोकारिष्ट, कोणी घेतलंय का?

अबोली_डोंबिवली:

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच. वय ४४, दोन मुलं, दोन्ही डिलिव्हरी नॉर्मल. गेले आठ-नऊ महिने पाळीचं गणित पार बिघडलंय, कधी २० दिवसांतच येते, कधी दीड महिना पत्ता नाही, आणि आली की आठ आठ दिवस थांबत नाही. पहिले तीन दिवस तर एवढं अंगावरून जातं की लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तरी मी उभीच राहते, डाग पडेल या भीतीने. त्यात रात्री मध्येच घाम फुटून जाग येते, चिडचिड होते, मुलांवर उगाच ओरडते आणि मग रात्रभर त्याचंच वाईट वाटत राहतं.

सासूबाईंनी त्यांच्या वेळी दुधातून शतावरी कल्प आणि जेवणानंतर अशोकारिष्ट घेतलं होतं, खूप गुण आला म्हणतात. अगदी मनापासून सांगतायत, स्वतः दुकानात जाऊन दोन्ही घेऊन आल्या. १५ दिवस झाले मला सुरू करून. झोप थोडी बरी लागतेय असं वाटतं पण यावेळची पाळी तेवढीच जड गेली.

डॉक्टरकडे अजून गेले नाहीये. खरं कारण सांगते, शेजारच्या वहिनी अशाच तक्रारीसाठी गेल्या आणि महिन्याभरात पिशवी काढून आल्या, मला ती धास्ती बसलीये. थायरॉइडची ५० ची गोळी सकाळी चालू आहे, बाकी काही नाही. ही दोन औषधं किती दिवस घेऊन बघावीत? एकत्र चालतात का? ज्यांनी घेतलीयेत त्यांनी प्लीज सांगा.

कृष्णाकाठ:

अगं अबोली, वाचताना मला माझं ४६ वं वर्षच दिसत होतं डोळ्यासमोर. मी सांगलीची, आता ५८. आमच्याकडे शतावरी म्हणजे बाळंतिणीचं हक्काचं, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि रात्री शतावरीचं दूध, माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईने चुकवलं नाही. त्यामुळे पाळी बिघडली तेव्हा मीही डोळे झाकून अशोकारिष्ट सुरू केलं, एक बाटली संपली की दुसरी, असे सात महिने काढले आणि कुणाला दाखवलं नाही. दम लागायचा, जिना चढताना धडधडायचं, मला वाटायचं वय झालं. बर्फ खावासा वाटायचा सारखा, फ्रीजमधले ट्रे संपवायचे मी, तेव्हा कळलंच नाही की रक्त कमी झाल्यावर असंही होतं. शेवटी देवळाच्या पायरीवर चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन ६.८ निघालं, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. सोनोग्राफीत पिशवीच्या आतल्या बाजूला फायब्रॉइडची गाठ. आता ती गाठ अरिष्टाने कशी जाणार होती सांग? औषधाला मी दोष देत नाही, दाखवायचं टाळायला मला ते एक कारण मिळालं होतं त्याला देते.

तुझी भीती खोटी नाहीये. आपल्याकडे गरज नसताना पिशव्या काढल्या जातात, बीडच्या ऊसतोड बायकांचं २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलंय. पण माझी पिशवी काढली नाही बरं का, खालूनच दुर्बीण घालून फक्त गाठ काढली, दुसऱ्या दिवशी घरी. पहिल्या डॉक्टरांनी पिशवीच काढू म्हटलं होतं, मी रिपोर्ट घेऊन दुसरीकडे गेले. तूही तसं कर ना, दाखवलं म्हणजे ऑपरेशनला हो म्हटलं असं थोडंच आहे.

रानजाई_वैद्य:

मी बीएएमएस आहे, १९ वर्षं प्रॅक्टिस, त्यातले निम्म्याहून जास्त पेशंट अबोलीच्याच वयाचे. थोडं सविस्तर लिहिते.

आधी शरीरात काय चाललंय ते. चाळिशीनंतर दर महिन्याला बीज सुटेलच असं राहत नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, पण इस्ट्रोजेन मात्र कधी कमी कधी भरपूर असं येतच राहतं, आणि त्याने पिशवीचं अस्तर वाढत जातं. मग ते एकदम आणि बरंच दिवस सुटतं. म्हणून उशिरा आलेली पाळी जड जाते. हे या वयात खूप जणींना होतं. पण फायब्रॉइड, अडेनोमायोसिस (पिशवीच्या आतलं अस्तर तिच्या स्नायूच्या भिंतीत वाढणं), पॉलिप, थायरॉइड, आणि क्वचित अस्तराचा कॅन्सर, यांचं बाहेरून दिसणारं लक्षण हेच असतं. नाडी बघून मी यातलं काय आहे ते सांगू शकत नाही, सोनोग्राफी सांगते. माझ्याकडे अशी पेशंट आली की मी सीबीसी (हिमोग्लोबिनसकट रक्ताची तपासणी), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि सोनोग्राफी झाल्याशिवाय औषधाची चिठ्ठी लिहीत नाही.

आता औषधं. दोन्ही एका पिशवीतून घरी आली म्हणून ती एकाच कामाची नाहीत. शतावरी मधुर, थंड, पचायला जड, पोसणारी. बाळंतपण, अशक्तपणा, कोरडेपणा, अंगाची आग, झोप नाही, अशा ठिकाणी आम्ही ती देतो. अबोलीला झोप बरी वाटतेय ते त्यामुळे असू शकेल, किंवा रात्री कोमट दूध पोटात जातंय त्यामुळेही. अशोकाची साल तुरट, ती जाणारं रक्त आवरायला, ज्याला ग्रंथात असृग्दर किंवा रक्तप्रदर म्हटलंय त्यासाठी. अशोकारिष्टात सालीच्या काढ्याबरोबर गूळ, धायटीची फुलं, सुंठ, नागरमोथा, जिरं, दारुहळद, त्रिफळा, अडुळसा असं बरंच असतं आणि ते आंबवलेलं असतं, त्यामुळे त्यात आपोआप तयार झालेलं ५ ते १० टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं, बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं बघा. लिव्हरचा त्रास असेल, दिवस राहिले असण्याची शक्यता असेल तर नको. ४४ व्या वर्षी पाळी लांबली की प्रेग्नन्सी टेस्ट करून बघावी, ही बाब बायका हसण्यावारी नेतात आणि मग धावपळ होते.

पुरावा किती, हेही सांगायला हवं. शतावरी या वयातली पाळी नियमित करते असं ठामपणे म्हणण्याइतके मोठे, नीट केलेले अभ्यास नाहीत. अंगावरच्या दुधासाठी ती आपण सगळ्यात जास्त वापरतो, तिथेही १९९६ च्या एका भारतीय अभ्यासात फरक दिसला नाही आणि २०११ च्या दुसऱ्या एका छोट्या अभ्यासात प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करणारं हार्मोन, वाढलेलं दिसलं. मी देते, अनुभवावर देते, पण पेशंटला हे बोलून देते. आणि शतावरीचं काम थोडंफार इस्ट्रोजेनसारखं होऊ शकतं, त्यामुळे ब्रेस्ट कॅन्सर झालेला असेल, त्यासाठीची टॅमॉक्सिफेन ही गोळी चालू असेल, किंवा अस्तर आधीच जाड असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नका.

अजून एक. कल्प म्हणजे बराचसा भाग साखर, कंपनी कोणतीही असो, डब्यामागचे घटक वाचा. डायबेटिस असेल किंवा पीसीओडीमुळे वजन वाढत असेल तर रोज दोन वेळा दोन दोन चमचे कल्प म्हणजे साखरच पोटात जाते. त्यापेक्षा साधं शतावरी चूर्ण, ३ ते ६ ग्रॅम, तेही पचत असेल तर. पोट जड होतं, कफ होतो अशांना दुधातून नको.

अबोली, एक विचारते. पहिल्या तीन दिवसांत किती पॅड लागतात? मोठ्या गाठी पडतात का?

अबोली_डोंबिवली:

मॅडम खूप खूप आभार, एवढं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. मोजले नव्हते कधी, आता आठवून सांगते, दुसऱ्या दिवशी मोठ्या साइझचे आठ-नऊ तरी, दुपारी एक-दीड तासातच बदलावा लागतो, ऑफिसमध्ये दर मीटिंगआधी. गाठी पडतात, लिंबाएवढ्या कधीकधी. दम लागतो का विचाराल तर हो, स्टेशनचा पूल चढताना मधे थांबते हल्ली. कृष्णाकाठ ताई, तुमचं बर्फाचं वाचून अंगावर काटा आला, मी भाजलेली माती किंवा पावसाचा वास आला की तिथेच उभी राहते, खावंसं वाटतं अक्षरशः.

रानजाई_वैद्य:

मग वाट बघायची नाही. या आठवड्यात सीबीसी, जमलं तर त्यातच फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. माती खावीशी वाटणं हे लोह कमी असल्याचंच बोलणं आहे बहुतेक. दोन्ही औषधं तोपर्यंत बंद ठेवलीस तरी काही बिघडणार नाही. आणि तासाला एक पॅड असं सलग दोन-तीन तास झालं किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठ.

माळरान:

ताईंच्या चर्चेत मधेच बोलतो, चालेल ना. मी शेतकरी, नगर जिल्हा, तीन वर्षं शतावरी लावली होती एक एकर. आमच्याकडे तिला शतमुळीच म्हणतात, एका झाडाखाली मुळ्यांचा झुपका निघतो, बोटाएवढ्या जाड. लावल्यापासून काढायला दीड-दोन वर्षं जातात. काढल्यावर मुळ्या धुवायच्या, उकळत्या पाण्यातून काढायच्या, वरची साल हाताने सोलायची, आतली दोऱ्यासारखी शीर ओढून काढायची आणि मग वाळवायची. सोलायला बायका लागतात, दिवसभर बसून किलोंच्या हिशोबात काम होतं, आणि ओला माल वाळला की हातात अगदी थोडा उरतो. हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की ज्या भावात बाजारात काही ठिकाणी शतावरी चूर्ण विकतात त्या भावात ते परवडूच शकत नाही, मी स्वतः माल विकलाय म्हणून सांगतो. एक तर न सोललेलं, शिरेसकट दळलेलं असतं, नाहीतर दुसरंच काही मिसळलेलं. घ्यायचं तर वाळलेली मुळी घ्या, पिवळसर पांढरी, सुरकुतलेली, चावली की गोडसर आणि मग किंचित कडवट, आणि घरी दळा.

अशोकाचं तर त्याहून अवघड आहे. सोसायटीच्या कंपाउंडला सरळसोट उंच झाडं असतात, ज्याची पानं तोरणाला लावतात, तो हा अशोक नव्हेच. औषधाचा तो सीतेचा अशोक, पसरट, चैत्राच्या सुमारास केशरी लाल फुलांचे गुच्छ येतात. पंचांगात चैत्र शुद्ध अष्टमीला अशोककलिका प्राशन लिहिलेलं असतं ते याच झाडाच्या कळ्यांचं. साल ओरबाडून ओरबाडून सह्याद्रीत ही झाडं कमी झालीत, धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे ते. मागणी प्रचंड आणि झाडं थोडी, मग त्या दुसऱ्या खोट्या अशोकाची साल मिसळतात. म्हणून सुटी साल रस्त्यावरून घेऊ नका. आमच्या बांधावर दोन खरे अशोक लावलेत, मोठे व्हायला वेळ आहे अजून.

रानजाई_वैद्य:

माळरान दादा, हे लिहिलंत फार बरं केलंत. आम्हाला कॉलेजात खोटा आणि खरा अशोक शेजारी शेजारी ठेवून ओळखायला लावायचे, पण सालीचे तुकडे झाल्यावर भलेभले फसतात.

पारिजात_लेस्टर:

उशिरा आले पण एक गोष्ट कोणी बोललं नाहीये म्हणून लिहिते. अबोली, तू थायरॉइडची गोळी घेतेस आणि शतावरी दुधातून, तर दूध सकाळीच घेतेस का? मी इथे नेमकी हीच चूक केली. सकाळी गोळी आणि लगेच शतावरीचं दूध, तीन-चार महिन्यांत टीएसएच वर गेलं, जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, डोस वाढवला, मग फार्मसिस्टने विचारलं की गोळीनंतर काय घेतेस आणि सगळं बाहेर आलं. ती गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, मग किमान अर्धा तास, शक्यतो तासभर काही नाही. दुधातल्या कॅल्शियमने ती नीट शोषली जात नाही. आणि आता तुला लोहाच्या गोळ्या देतील बहुतेक, तर त्यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेव.

दुसरं म्हणजे 'स्त्रियांसाठी हार्मोन बॅलन्स' म्हणून ज्या मिक्स कॅप्सूल येतात त्यात शतावरीबरोबर बहुतेक वेळा अश्वगंधा असते. अश्वगंधेने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं आणि काहींना लिव्हरचा त्रास झाल्याचंही नोंदलं गेलंय. आपण आईने दिलं, सासूने दिलं म्हणून ते औषधात धरतच नाही, डॉक्टर विचारतात काही चालू आहे का आणि आपण नाही म्हणतो. मी पण नाहीच म्हटलं होतं. जाताना दोन्ही बाटल्या पर्समध्ये घालून ने आणि टेबलावर ठेव.

अबोली_डोंबिवली:

पारिजात, सकाळीच घेत होते गं, गोळी आणि दहा मिनिटांत दूध!! सासूबाई तयारच ठेवायच्या ना.

सगळ्यांना अपडेट. हिमोग्लोबिन ८.९, फेरिटिन अगदी तळाला, टीएसएच थोडं वाढलेलं. सोनोग्राफीत पिशवी जराशी मोठी, अडेनोमायोसिस म्हणाल्या, आणि अस्तर जाड दिसतंय म्हणून छोटा तुकडा तपासायला घेणार आहेत. भीती वाटतेय पण डॉक्टर खूप शांतपणे बोलल्या. पिशवी काढायचा विषय मीच घाबरत काढला तर म्हणाल्या आत्ता त्याचं काही कारण दिसत नाही, आधी रिपोर्ट, लोहाच्या गोळ्या, जड दिवसांत रक्त कमी जाण्यासाठी ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड, आणि रिपोर्ट नीट आला तर पिशवीत हार्मोनची कॉइल बसवायचा विचार करू. बाटल्या टेबलावर ठेवल्या, त्यांनी दोन्ही वाचल्या, रागावल्या नाहीत, रिपोर्ट येईपर्यंत बंद आणि नंतर घ्यायचं झालं तर मला विचारून असं सांगितलं.

सासूबाईंना कसं सांगू याचंच मला टेन्शन होतं. त्यांना ८.९ चा कागद दाखवला तर बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या आमच्या वेळी कुणी मोजलंच नाही गं, मीही दोन वर्षं भिंत धरून चालायचे. मला हे माहीतच नव्हतं इतक्या वर्षांत. आता सकाळी सहाला थायरॉइडची गोळी, दुपारी जेवणाआधी लोह लिंबूपाण्याबरोबर, असं त्यांनीच फ्रीजवर लिहून लावलंय.

तपासणी गुरुवारी ११ वाजता आहे. त्या बरोबर येतायत, मुलांचे डबे पहाटेच करून ठेवते म्हणाल्या.

कृष्णाकाठ:

गुरुवारी झालं की लगेच लिही गं, मी बघत राहीन. आणि रिकाम्या पोटी जाऊ नकोस, त्यांनी उपाशी राहायला सांगितलं नसेल तर.