विसर पडलेल्या आजी-आजोबांना कार्यक्रमात पुढे आणावं का?

तांडापेठची लेक:
माझी आई दीड वर्षापासून नागपूरच्या बेसा भागातल्या एका वृद्धाश्रमात आहे. अल्झायमर. मला कधी ओळखते, कधी शेजारीण समजते. २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनाला, तिथे कार्यक्रम ठरतोय. ज्याला जे येतं ते त्यानं करून दाखवायचं, घरच्यांनी त्यांची गोष्ट सांगायची. नातेवाइकांच्या बैठकीत दोन तट पडले. काही म्हणाले, हे म्हाताऱ्यांचं प्रदर्शन आहे. मी कार्यक्रमाच्या बाजूनं बोलले.

आमचं घर कोष्ट्यांचं. आईनं तीस वर्षं करवतकाठी लुगडी विणली. मागच्या महिन्यात मी सहज सुताची लडी नेली. तिनं तुटलेली दोन टोकं शोधली, अंगठा जिभेला लावला आणि चिमटीत पीळ देऊन सूत जोडलं. बोट फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "गाठ राह्यली त फणीत अडकते वं." जेवण वाढणारी मुलगी हातातलं ताट घेऊन तशीच उभी. तोवर आई तिच्यासाठी 'चार नंबरच्या आजी' होती. आता ती 'विणकर आजी' म्हणते, आणि घास भरवताना मागाच्या गोष्टी काढते. हे चारचौघांनी पाहावं असं मला मनापासून वाटतं.

मिलवाल्याचा पोरगा:
ताई, वाचून भरून आलं. तरी माझा विरोध आहे. बाबा एम्प्रेस कापड मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम होते. मिल १८७७ ची, जमशेदजी टाटांनी उभी केलेली, हे आम्ही त्यांच्याकडून शंभरदा ऐकलं. मागे ते एका आश्रमात असताना असाच कार्यक्रम झाला. निवेदिकेनं माईक पुढे धरला, "आजोबा, मिल कोणत्या साली सुरू झाली?" आठवेना. तिनं पुन्हा विचारलं. बाबा सदऱ्याचं बटण लावत-काढत राहिले, मग म्हणाले, "माही पाळी सुटली का?" लोक हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. रात्री बाबा जेवले नाहीत. महिनाभरात मी त्यांना घरी आणलं.

धंतोलीकर:
भाऊ, तुमचं दुःख खरं आहे, पण झाकून ठेवल्यानं काय साधलं? २०२३ मध्ये आलेल्या देशपातळीवरच्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार. आपण मात्र 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होतो. माझ्या सासूबाईंना पाच वर्षं घराबाहेर काढलं नाही, लोक काय म्हणतील म्हणून. त्या सुरेल ओव्या म्हणायच्या, हे गल्लीला त्या गेल्यावर कळलं.

रात्रपाळी:
मी अशाच ठिकाणी बारा वर्षं परिचारिका आहे. चूक कार्यक्रमाची नव्हती, प्रश्नाची होती. अल्झायमरमध्ये बहुधा हिप्पोकॅम्पसला, म्हणजे मेंदूतल्या आठवणी घडवणाऱ्या भागाला आधी झळ बसते, म्हणून साल, नाव, काल काय घडलं हे जातं. हाताला लागलेलं वळण मेंदूच्या वेगळ्या भागांत असतं, ते बरंच पुढपर्यंत टिकतं. म्हणून "आठवतं का?" हा प्रश्नच बंद करायचा. वस्तू हातात द्यायची आणि थांबायचं. आणि भाऊ, प्रसंग विसरला तरी त्यानं आलेलं वाईट वाटणं मागे उरतं. बाबा जेवले नाहीत ते म्हणूनच असेल.

व्हिडिओचंही बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ नये असं कलम आहे. वृद्धाश्रम त्यात बसो न बसो, मी तोच नियम पाळते. मुलाची सही पुरेशी नाही. त्या दिवशी, त्या घडीला आजीचा चेहरा काय म्हणतो ते बघायचं. मान फिरवली की मोबाइल खिशात.

मिलवाल्याचा पोरगा:
पटलं, पण अर्धंच. बाबा शुद्धीत असताना इस्त्रीचा सदरा घातल्याशिवाय फोटोला उभे राहत नसत. आज ते हो म्हणतील, पण त्या जुन्या माणसाचं काय? त्याला कोण विचारणार?

तांडापेठची लेक:
याला माझ्याकडे उत्तर नाही, भाऊ. आईनं मला कधी तिचा फोटो काढू दिला नव्हता, हे तुमचं वाचताना आठवलं. व्हिडिओ नको, हे मी बैठकीत सांगते. मंच नको, माईक नको. व्हरांड्यात चटया टाकू, येतील ते येतील. पण गोष्टी सांगायच्याच, त्यावर मी मागे हटणार नाही. तुमच्याकडे बाबांचं मिलमधलं काही आहे का?

मिलवाल्याचा पोरगा:
एक धोटा आहे, मागावर आडवं सूत नेणारा. लाकूड झिजून गुळगुळीत झालंय. रोज उशाशी लागतो त्यांना. घेऊन येतो दोघांना, बाबांना आणि धोट्याला. पण माईक दिसला त तसाच परत फिरीन, आधीच सांगून ठेवतो.