गॅस गीझर दुकानातून नुसता उचलून आणायला बंदी हवी का?

मुळाकाठी (धागा)
थंडी पडली की पेपरात ती बातमी येतेच. बाथरूमचं दार तोडलं, आत माणूस बेशुद्ध, गीझर चालूच. दोन दिवस सगळे हळहळतात आणि तिसऱ्या दिवशी परत कुणीतरी दुकानात जाऊन गॅस गीझरचा खोका काखोटीला मारून आणतो, नळवाल्याला बोलावतो, तो भिंतीला दोन स्क्रू मारतो, शेगडीच्या पाइपाला टी लावून फाटा काढतो, झालं काम. माझं म्हणणं सरळ आहे, गॅसवर चालणारी वस्तू अशी खोक्यात विकूच नये. बिल फाडायच्या आधी ती कुठे लागणार, खिडकी कुठंय, धूर बाहेर कसा जाणार हे ट्रेनिंग घेतलेल्या माणसाने बघून जावं आणि बसवावंही त्यानेच. कागद नाही तर गीझर नाही.

घाटमाथा
म्हणजे अजून एक दाखला! ताई, पीयूसी आठवा, गाडी घरी असते आणि सर्टिफिकेट हातात. इथेही तेच होणार, फिटर घरी न येताच व्हॉट्सॲपवर सही पाठवेल आणि त्याचे वेगळे पैसे लावेल. आणि गॅस एजन्सीचं घ्या ना, कनेक्शनबरोबर शेगडी आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही असा नियम आहे, तरी किती जणांच्या गळ्यात शेगडी मारली जाते? आमच्या तालुक्यात कंपनीचा माणूस यायचा तर आठ-आठ दिवस "निघालोय साहेब" चालू असतं. तोवर आंघोळ काय बंबावर करायची का.

मी_अभियंता
+१ घाटमाथा. मी माझा गीझर स्वतः बसवलाय. नारिंगी सुरक्षा पाइप, दोन्ही बाजूला क्लिपा, प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावून बघितलं, एक बुडबुडा नाही. यूट्यूब बघून करता येतं, रॉकेट सायन्स नाहीये. सगळ्यांना एका काठीने हाकू नका.

हिशोबनीस
अभियंता साहेब, साबणाच्या पाण्याने गळती कळते. बाथरूममध्ये माणसं बहुतेक वेळा गळतीने मरतच नाहीत हो, जॉइंट टाइट असून मरतात! गळतीचा वास येतो कारण त्यात मुद्दाम मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन घातलेलं असतं. मारतो तो गॅस अर्धवट जळला की होणारा कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना वास ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. आता आकडे बघा. मिनिटाला 6 लिटरवाला गीझर फुल चालला तर तासाला साधारण एक किलो गॅस खातो आणि एक किलो एलपीजी नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे पंधरा मिनिटांत तीन घनमीटर. 4 बाय 6 चं बाथरूम, उंची 8 फूट, त्यात हवा किती तर साडेपाच घनमीटरसुद्धा नाही. आणि थंडी वाजते म्हणून खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांवर आपण पुठ्ठा लावलेला! ऑक्सिजन कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि मोनॉक्साइड वाढायला लागतो. डोकं जड होतं, गरगरतं, माणसाला वाटतं पित्त झालंय, आणि कडी काढायच्या आत पाय गळतात.

मिस्त्री_बोलतोय
मी हीच कामं करतो म्हणून सांगतो. गिऱ्हाईकाला मी म्हणतो ड्राय बाल्कनीत लावू, आत फक्त गरम पाण्याचा पाइप नेऊ. मग उत्तरं ऐका, पाइपाचा खर्च कोण देणार, टाइल्स फोडाव्या लागतील, पाणी येईपर्यंत गार होतं. मी नाही म्हटलं तर संध्याकाळी दुसरा येऊन आतच टांगून जातो. नियम असला तर निदान मला नाही म्हणायला आधार राहील.

लीड्सकर
इकडे ब्रिटनमध्ये कसं चालतं ते सांगतो. गॅसचा कुकर दुकानात कुणालाही मिळतो, आयडी वगैरे कोणी विचारत नाही. बंधन आहे ते बसवणाऱ्यावर. पैसे घेऊन गॅसचं काम करायचं तर गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव पाहिजे, नसेल तर तो गुन्हा. हे काही एका रात्रीत आलं नाही. 16 मे 1968 ला पूर्व लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाच्या 22 मजली इमारतीचा अख्खा कोपरा खाली आला, चार जण गेले. अठराव्या मजल्यावरच्या बाईने सकाळी चहासाठी काडी ओढली आणि गळलेल्या गॅसचा स्फोट झाला, शेगडीच्या जोडणीतला पितळी नट कमअस्सल निघाला. इमारतीचं बांधकामही कच्चं होतं म्हणा. त्यानंतर 1970 मध्ये फिटरांची नोंदणी सुरू झाली पण ती सक्तीची व्हायला 1991 उजाडलं.

घाटमाथा
बघा, म्हणजे तिकडेसुद्धा दुकानदाराला धरत नाहीत. मग आपल्याकडे विक्रीवर का डोळा?

मुळाकाठी
कारण आपल्याकडे नळवाल्याची नोंद कुठेच नसते दादा, त्याला शोधणार कोण! दुकानाला निदान पत्ता असतो, जीएसटी नंबर असतो. जिथे पकडता येतं तिथेच पकडायचं.

सोलापूरची_लेक
तुम्ही सगळे स्वतःच्या घरात राहता वाटतं. आम्ही भाड्याने राहतो, मालक भिंतीला खिळा मारू देत नाही, ड्राय बाल्कनी नाहीच, आणि बाथरूमची खिडकी उघडते डक्टमध्ये, ज्याच्यावर वरच्या माणसाने पत्रा टाकलाय. तुमचा ट्रेनिंगवाला फिटर आला तरी करणार काय? इथे गॅस गीझर लावायचाच नाही एवढंच सांगेल ना? मग ते सांगायला आधीच कोणीतरी हवं, आणि मालकाला पण जबाबदार धरा की. गीझर त्यानेच लावून ठेवलेला होता आम्ही आलो तेव्हा.

लीड्सकर
ताई, भाड्याच्या घराचा मुद्दा बरोबर आहे. इकडे गॅसच्या ज्या वस्तू मालकाच्या आहेत त्या दरवर्षी नोंदणीवाल्याकडून तपासून घेणं आणि तो कागद भाडेकरूला देणं मालकावर बंधनकारक आहे.

मी_अभियंता
ठीके, मोनॉक्साइडचा मुद्दा मान्य. पण मग बाथरूमच्या आत लावायचे, धुराडं नसलेले मॉडेलच विकू नका ना, बाहेर लावायचा असेल तर मला माझ्या हाताने लावू द्या. फिटरची सक्ती मला पटत नाही ती नाहीच.

घाटमाथा
हे चालेल. वस्तूवर बंदी घाला, माणसावर नको.

मुळाकाठी
आणि बाहेरचा म्हणून घेतलेला आत टांगला तर? वस्तूला काय कळतं ती कुठे टांगलीय.

सोलापूरची_लेक
तुमचं चालू द्या. मिस्त्री, आम्ही पुढच्या महिन्यात घर बदलतोय, तिथे गीझर आतच आहे पण बाल्कनी बाथरूमला लागून आहे. बाहेर काढता येईल का?

मिस्त्री_बोलतोय
येईल. मधल्या भिंतीचे आणि बाल्कनीचे फोटो टाका, आणि ती बाल्कनी काचा लावून बंद केलेली नाही ना ते आधी सांगा.