चाळीच्या जुन्या सागवानातून स्वतः बाकडं करायचंय, सल्ला हवा

खेतवाडीकर

गिरगावातली आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. पाडकामाच्या कंत्राटदाराशी बोलून आमच्या खोलीचं दार, चौकट आणि पोटमाळ्याच्या दोन तुळया मी ठेवून घेतल्या. सगळं सागवान. दारावर ऑइलपेंटचे थरावर थर आहेत, पण एका कोपऱ्यात खरवडून पाहिलं तर आतलं लाकूड ठणठणीत आहे आणि अजून तो तेलकट वास येतो. सध्या हे सगळं बोरिवलीच्या भाड्याच्या घरात गॅलरीत उभं आहे.

त्यातून बसायचं बाकडं करायचंय, स्वतःच्या हातांनी. घरचे म्हणतात सुताराला दे, चार दिवसांत करून देईल. देईलच, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं देईल. तरी मला ते स्वतः करायचंय.

कारण सांगतो. मे महिन्यात गावी संगमेश्वरला गेलो की पावसाळ्याचं जळण फोडायचं काम माझ्याकडे असतं. ओंडका उभा करायचा, वाळताना पडलेली चीर शोधायची, गाठ चुकवून कुऱ्हाड घालायची. पहिल्या घावांना लाकूड दाद देत नाही. मग आवाज बदलतो, आणि पुढच्या घावाला ओंडका उकलतो. संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात, पण पडवीत रचलेली चळत बघितली की जे समाधान मिळतं, ते मला दुसऱ्या कुठल्याच कामात मिळालेलं नाही. ते मुंबईतही हवंय.

हत्यारं कुठली घेऊ, कुठून घेऊ? गॅलरीत जमेल का? खालच्या मजल्यावर वयस्कर आजी-आजोबा राहतात, त्यांना त्रास द्यायचा नाहीये.

नागदेवी_फेरी

हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट. मशीद बंदरला उतरून चालत जा, रविवार सोडून. ऑनलाइन मागवू नका. पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी) हातात धरून, पातं डोळ्यांसमोर आडवं धरून सरळ आहे का ते बघूनच घ्यायची वस्तू आहे. चोर बाजारात जुने रंधे मिळतात. पातं जाड असेल आणि गंज वरवरचा असेल तर जरूर घ्या.

वाकस

खेतवाडीकर, तुमची पोस्ट वाचून फार बरं वाटलं. माझे वडील गिरणीच्या सुतारखात्यात होते, हे काम मी त्यांच्याशेजारी बसून शिकलो. म्हणून जरा लांबण लावतो.

सगळ्यात आधी चुंबक. प्रत्येक तुकड्यावरून सावकाश फिरवा. जुन्या दार-चौकटीत डोकं तुटलेले खिळे, बिजागऱ्यांचे स्क्रू, कड्यांचे तुकडे आत अडकलेले असतात. एक खिळा रंध्याच्या पात्याला खाच पाडतो, आणि मग प्रत्येक फटक्याला लाकडावर एक रेघ उमटत राहते. रंगाबद्दलही सांभाळा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. कोरडा सँडपेपर मारू नका. ओला करून खरवडा, तोंडाला एन-९५ मास्क लावा आणि खरवडलेला रंग पिशवीत बांधून टाका. घरात लहान मूल असेल तर हे काम घरात नकोच.

हत्यारं मोजकी पुरतात. एक करवत, एक रंधा, पाव, अर्धा आणि एक इंची पटाश्या, गुण्या (काटकोन तपासायला), मोगरी म्हणजे लाकडी हातोडा. उरलेले पैसे धार लावायच्या दगडांवर घाला. नवी पटाशी दुकानातून येते तेव्हा तिला धार नसते, नुसता उतार असतो. आधी तिची पाठ दगडावर सपाट करा, टोकाकडची बोटभर पाठ आरशागत चमकेपर्यंत. मग २५ अंशाचा उतार, आणि अगदी टोकाला ३० अंश. परीक्षा अशी: पाइनच्या तुकड्याच्या आडव्या छेदावर पटाशी दाबून चालवा. तंतू चिरडले तर धार नाही. छेद गुळगुळीत आला तर झाली. सागवानात निसर्गतःच सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. काम करता करता मध्येच उठून पुन्हा दगडाकडे जायची सवय लावून घ्या. मला स्वतःला तो वेळ कामाइतकाच आवडतो.

सांधा कुसू-सालीचाच करा, म्हणजे एका लाकडाला काढलेली जीभ (कुसू) दुसऱ्यात पाडलेल्या खाचेत (साल) बसवायची. कुसवाची जाडी लाकडाच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे पाय दीड इंची घेतलात तर कुसू चार सुतांचा, म्हणजे अर्धा इंच. साल आधी पाडा, कुसू नंतर, आणि कुसू रेघेच्या बाहेर राखून कापा. मग पटाशीने कागदाएवढा पापुद्रा काढत बसवत न्या. हाताच्या दाबाने अर्धा जावा, उरलेला मोगरीच्या हलक्या टोल्याने. बसताना जो आवाज येतो, तो तुमच्या ओंडक्याच्या आवाजाचा भाऊच म्हणा.

चिकटवण्यासाठी फेव्हिकॉल चालतो (१९५९ मध्ये तो बाजारात आला, वडिलांच्या उमेदवारीच्या काळात सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा डिंक, वितळवत). पण सागवान तेलकट, म्हणून सांधा लावायच्या लगेच आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या.

मुलुंडची_मी

आवाजाबद्दल अनुभवाने सांगते. करवत आणि रंध्याचा त्रास खाली जवळपास होत नाही. खाली जातो तो मोगरीचा ठोका. पटाशीकाम करताना खाली जाड रबरी मॅट, वर सतरंजी घाला आणि गॅलरीच्या मध्यावर न बसता भिंतीच्या, शक्यतो कॉलमच्या कडेला बसा. आणि आजी-आजोबांना आधी जाऊन भेटा, दुपारी कधी झोपतात ते विचारा. मी विचारलं होतं, आता आमच्या खालच्या आजी मधूनमधून काय चाललंय ते बघायला वर येतात.

मोठं वर्कबेंच घ्यायच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडचे सुतार पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करत आलेत. एक जड पाट आणि त्यावर अडणीची पट्टी, एवढ्यावर बाकडं होतं. पाठ मात्र पहिले काही दिवस बोलेल.

इलेक्ट्रिक सँडर घेऊ नका. रंध्याने ढलप्या निघतात, त्या झाडून भरता येतात. सँडरची बारीक धूळ घरभर बसते, शिवाय कठीण लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे.

सावंतवाडीचा_झिल

काका, एक सुचवू? एकदम बाकड्याला हात घालण्याआधी ओल्या लाकडाचा चमचा, उलथनं असं काही कोरून बघा. ओलं लाकूड चाकूखाली लोण्यागत जातं, आणि रेषा कुठे वळतात, कुठल्या बाजूने सोलायचं, हे हाताला लगेच कळतं. आमच्याकडे चितारआळीत खेळणी करणारेसुद्धा आधी लाकूड ओळखायला शिकवतात.

फक्त फांदी स्वतः तोडू नका. मुंबईत १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे, सोसायटीच्या आवारातल्या झाडालाही महापालिकेची परवानगी लागते. पावसाळ्याआधी परवानगीने छाटणी होते तेव्हा छाटणाऱ्यांकडे मागा.

खेतवाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. चुंबक आजच फिरवला, नुसत्या चौकटीत मूठभर खिळे निघाले. आता प्रश्न तुळयांचा. चार इंच बाय सहा इंच आहेत. हाताने चिरू का?

नागदेवी_फेरी

नको. रे रोडच्या वखारींकडे बँडसॉवर चिरून मिळतं. जुनं लाकूड म्हटल्यावर खिळ्यांच्या भीतीने काही जण नाही म्हणतात. खिळे काढलेली भोकं खडूने गोल करून न्या, म्हणजे त्यांनाही विश्वास वाटतो.

वाकस

तुळया मशीनवर चिरा, हे मलाही पटतं. पण एक हातभर तुकडा स्वतः उभा चिरून बघा. रेघेवर करवत ठेवून, घाई न करता, करवतीच्या वजनानेच. सरळ चिरायला शिकलात की पुढचं सगळं सोपं जातं. या लाकडाची काळजी करू नका. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेली ट्रिंकोमली ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. बाकड्याला काय होतंय!

हवेचं मात्र लक्षात ठेवा. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. मुंबईच्या जुलैत फुगतं, जानेवारीत आक्रसतं. बसायच्या फळ्या मे महिन्यात जोडल्यात तर मध्ये सुतभर फट ठेवा, नाहीतर पावसात एकमेकींना ढकलून सांधे उघडतील. ऑगस्टमध्ये जोडल्यात तर घट्ट लावा, फट नंतर आपोआप पडेल.

मुलुंडची_मी

आणि चिरून आणलेल्या फळ्या गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवू नका, वाकतील. आत खोलीत आडव्या, मध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा, वर वजन ठेवा. निदान महिनाभर तशाच असू देत. तोवर हातभर तुकड्यावर पहिलं कुसू-साल करा आणि फोटो इथे टाका, फट असली तरी टाका.