मदत हवी आहे: पोळी-भाजी केंद्रासाठी हातमोजे कुठले घ्यावेत?

नमस्कार मंडळी. नाशिकला माझं पोळी-भाजी केंद्र आहे, ७ जणी काम करतात. आत्तापर्यंत १०० च्या पुड्यात मिळणारे पातळ प्लास्टिकचे हातमोजे आणत होते. कणीक मळताना ते सरकतात, कोथिंबीर चिरताना बोटाशी फाटतात. परवा मटकीच्या उसळीत पारदर्शक तुकडा सापडला. डबे भरायच्या आधी दिसला म्हणून निभावलं, पण अख्खं पातेलं टाकून द्यावं लागलं.

मला जास्त काळजी वेगळीच आहे. मोजे असे असले की बायकांचा त्यांच्यावरचा विश्वासच उडतो. एक ताई म्हणाली, "वहिनी, हे नुसते तपासणीला दाखवायचे ना?" मग मोजे घालण्याआधी हात धुणंही कमी झालं, त्याच मोज्यांनी सुट्टे पैसे घेणं, फडकं उचलणं सुरू. त्यांना बोल कसा लावू? असला माल मीच आणून दिला.

आता निळे नायट्राइलचे (एका कृत्रिम रबराचे) घ्यावेत म्हणते. तुकडा पडला तर निळा रंग अन्नात चटकन दिसतो, शिवाय लॅटेक्सची (नैसर्गिक रबराची) अ‍ॅलर्जी असलेल्यांनाही चालतात. पण अन्नासाठी योग्य आणि बिनपावडरचे आहेत हे खोक्यावर कसं ओळखता? एकीचे हात अगदी लहान आहेत, तिच्या मापाचे मिळतात का? माणशी दिवसाला किती जोड लागतात? तव्यापाशी मी मोजे काढायलाच सांगते, वितळायची भीती वाटते. कणीक मळायलाही मोजे नकोत, नीट धुतलेले हातच बरे, असं कोणी ठरवलं आहे का?