मदत हवी आहे: मुंबईतला कान्होजी आंग्रे यांचा पुतळा

नौदलाच्या मुंबईतल्या 'आयएनएस आंग्रे' तळावर सरखेल, म्हणजे मराठा आरमाराचे प्रमुख, कान्होजींचा पुतळा आहे. तळाचं मूळ नाव 'डलहौसी', 1951 मध्ये बदललं. गंमत म्हणजे ही जागा जुन्या बॉम्बे कॅसलची, इंग्रजांच्या सत्तेचं ठाणंच! त्याच इंग्रजांनी 1721 मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कान्होजींच्या अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली आणि हात हलवत परतले.

अलिबागची समाधी पाहून झाली आहे. पुतळा कोणी घडवला, अनावरण कधी झालं, कोणाला माहीत आहे का? तळ नौदलाचा, म्हणजे असंच उठून जाता येणार नाही. परवानगी नेमकी कोणाकडे मागायची? नौदलातल्या किंवा गोदीत नोकरी केलेल्या कोणी सांगितलं तर फार बरं होईल. चौथऱ्यावरच्या मजकुराचा जुना फोटो असल्यास जरूर टाका.