खुन्नस रीलमधून येते की घरून?

कंदीपेढा:
काल पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका काळ्या एसयूव्हीने डावीकडून घुसून मला कट मारला. पुढच्या सिग्नलला शेजारी पोचलो तर आतला मित्र मोबाईल धरून शूटिंग करत होता. म्हणजे माझ्याशी काही वैर नव्हतं, कॅमेऱ्यासाठी चाललं होतं!

माझं मत सरळ आहे. ही पोरं गाडी चालवायला रीलवरून शिकतात. 2004 साली 'धूम' आला तेव्हा आमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये रोज कोणीतरी मागचं चाक घासत बसायचा. आता तो पडदा खिशात आलाय. गाड्यांच्या जाहिरातीत रस्ता कायम मोकळा, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात 'अनुकरण करू नये'. 2007 मध्ये जर्मन संशोधकांना रेसिंग गेम खेळून उठलेली माणसं पडद्यावरच्या रहदारीत जास्त धोका पत्करताना दिसली होती. अजून काय पुरावा हवा?

जुना_गिअर:
तीस वर्षं एसटी चालवली. रील नव्हती तेव्हाही खंबाटकीत लोक ओव्हरटेकसाठी जिवावर उदार व्हायचे. समोरच्याने डिपर दिला नाही एवढ्यावरून काचा फुटलेल्या पाहिल्यात. घरी भांडून आलेला चालक आम्हाला डेपोतून निघतानाच कळायचा. राग आधी क्लचवर निघतो.

एकदा एका जीपने कट मारला म्हणून मीही तिच्या मागे लागलो होतो. 44 माणसं मागे बसलेली. सांगायला लाज वाटते, पण मला ते कुठल्या सिनेमाने शिकवलं नव्हतं.

कंदीपेढा:
काका, तुमच्या मागे 44 जण होते आणि ते घाबरले होते. या पोरांच्या मागे 44 हजार असतात आणि ते बदाम पाठवतात. फरक आहे की नाही?

रकाना_भरा:
दोघांचंही गृहीतच आहे हे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली आणि त्यातले 71 टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर टाकलेत. पण त्या एका शब्दात राग किती, रील किती, आणि उतारावर न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणारा ट्रक किती, ते कसं कळणार? नवले पुलाचा तो उतार तर रील यायच्या आधीपासूनच आहे.

कायदाही कारण विचारत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 184 धोकादायक चालवण्याला, 189 शर्यतीला. शर्यतीला पहिल्या वेळी 5,000 रुपयांपर्यंत दंड, इतक्यात तर त्या एसयूव्हीचा एक टायर येत नाही. बाकी रीलवाल्यांचा एक फायदा मानायलाच हवा: पुरावा स्वतः अपलोड करणारे गुन्हेगार पोलिसांना पूर्वी कुठे मिळत होते?

मंजिरी_नाशिक:
मला कंदीपेढा यांचं अजिबात पटलं नाही. लिफ्टमध्ये धक्का लागला तर आपण 'असू दे' म्हणतो. तोच माणूस गाडीत असला की तो माणूस राहत नाही, 'ती पांढरी स्विफ्ट' होतो, आणि तिने मुद्दाम केलं असं आपण ठरवूनच टाकतो. तिला मागे टाकून मिळतं काय? 20 किलोमीटरला ताशी 60 ऐवजी 80 ने गेलात, तर पाच मिनिटं. तेही मोकळा रस्ता मिळाला तर! ती मग पार्किंग शोधण्यात जातात.

गेल्या महिन्यात द्वारका चौकात मागच्या सीटवरून माझा सहा वर्षांचा मुलगा ओरडला, "ए आंधळ्या, दिसत नाही का?" त्याच्या हातात आम्ही फोन देत नाही. शब्द माझे होते, सूरसुद्धा माझाच.

कंदीपेढा:
हे जरा लागलं. माझी मुलगीही मागेच बसते. तरी रीलवाल्यांना मी सोडणार नाही.

जुना_गिअर काका, त्या जीपचं पुढे काय झालं?

जुना_गिअर:
जीप गेली निघून. कंडक्टरने सिंगल बेल दिली. मला वाटलं कोणाला उतरायचंय, म्हणून गाडी कडेला घेतली. उतरलं कोणीच नाही. तो पुढे आला, माझ्या शेजारी उभा राहिला, तंबाखू मळली, मला दिली. पाचेक मिनिटांनी मागे गेला आणि डबल बेल दिली.